सहीआधी स्वयंपाकघर

भास्करराव इंगोले यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्याविषयी लिहायला बसलो, तेव्हा प्रथम आठवला तो त्यांनी केलेला माझा पाणउतारा. मी पुण्याहून नकाशे काढायला शिकून अकोल्यात नोकरीला आलो होतो. संरक्षित जुन्या वास्तूंलगतच्या घरांना दुरुस्तीचे परवाने देणे हे आमच्या शाखेचे काम, आणि भास्करराव तिथले ओव्हरसियर. माझा पहिला नकाशा पाहून ते म्हणाले, "रेघा तं झकास हायत. पण घर पायलं का तुमी?" मी पाहिले नव्हते. वऱ्हाडी बोलणे पुणेरी कानांना टोचते. ते खरे असले म्हणजे जास्तच.

त्यांची एक रीत होती. सही करण्यापूर्वी ते त्या घरी जात आणि घरातल्या बाईंना नकाशा वाचून दाखवीत. मालकाला हद्द ठाऊक असते, कोपरे बाईंनाच ठाऊक असतात, असे त्यांचे म्हणणे. कार्यालयात या रीतीची थट्टा होई आणि मीही त्यात मागे नव्हतो.

बाळापूरच्या किल्ल्याजवळ एका प्राथमिक शिक्षकांचे घर होते. वडिलांनी मजुरी करून उभारलेले. छप्पर बदलण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा भास्करराव तापाने घरी पडून होते. मी बाळापूरला गेलोच नाही. जुन्या नकाशावरून ट्रेसिंग काढले, स्वयंपाकघराची मागची भिंत किल्ल्याचीच धरली आणि "पाहणी करून आलो" असे सांगून अंथरुणावरच त्यांची सही घेतली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. परवाना मिळायचा बाजूलाच राहिला. संरक्षित भिंतीवर बांधलेले स्वयंपाकघर आठ दिवसांत पाडा, असा वरून हुकूम आला.

ताप पुरता उतरला नव्हता तरी भास्करराव मला घेऊन बाळापूरला गेले. शिक्षकांच्या पत्नी सुमनबाई यांना त्यांनी नकाशा वाचून दाखवला. बाईंनी त्यांना मध्येच थांबवले. "हे भित सरकारची नोय, साहेब. माह्या सासऱ्यानं बांधली. किल्ल्याची तं तिच्या मांगं हाय." त्यांनी बाजूचा टिनपत्रा सरकवला. दोन भिंतींच्या मधे हातभर बोळ होती, जळणाने भरलेली. भास्कररावांनी जळण बाजूला काढले आणि स्वतः आत शिरून टेप लावला.

परतताना मी क्षमा मागू लागलो. ते म्हणाले, "मले कावून सांगता? त्या बाईले सांगाचं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर लिहून कळवले, "सही पाहणीशिवाय झाली, चूक माझी." माझे नाव कुठेही नव्हते. हुकूम रद्द झाला आणि छप्परही झाले. भास्कररावांच्या सेवापुस्तकात मात्र शेरा पडला आणि त्यांची बढती राहिली. पुढे ती जागा मला मिळाली. मी गप्प बसलो, आणि याची मला आजही लाज वाटते.

गेल्या आठवड्यात बाळापूरला जाऊन मी सुमनबाईंना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग त्या साहेबाचं नाव कोन धुईन?"

म्हणून इथे लिहितो: ती चूक माझी होती, आणि पाहणी केल्याचे खोटेही माझेच. भास्कररावांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तो शेरा त्यांचा नव्हता, हे त्यांना भेटणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्या तोंडावर सांगावे, आणि ते ऐकायला त्यांनी पुष्कळ वर्षे आपल्यात असावे.