माफीच्या दिवशीचा शिरा

आता हे कुठल्या तोंडाने सांगू? पण तुम्ही चहा ओतलाच आहे, तर ऐका. आधीच सांगते, मी अजून त्यातून सावरलेली नाही.

इथे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकमधल्या एका छोट्या सेवाभावी संस्थेत मी काम करते. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामच्या जंगलातल्या एका आदिवासी गावात या संस्थेने पूर्वी पत्र्याची घरं बांधली होती. गावकरी 'नको' म्हणत होते, तरी! उन्हात घरांची नुसती भट्टी व्हायची. आता संस्था त्याची माफी मागणार होती आणि ती ऐकायला गावच्या प्रमुख बाई स्वतः आल्या होत्या. त्यांना पटलं नाही, तर गाव पुन्हा आमचं तोंड बघणार नव्हतं.

माझ्याकडे काम एकच. कॉफी, आणि माणशी एक बिस्किट. एक! एवढ्या लांबून आलेल्या वडीलधाऱ्या बाईंना? सकाळी उठून शिरा केला. धाकधुकीत स्वतः घासभरही खाल्ला नाही.

बाईंनी चाखला. "छान आहे."

मी पातेलं घेऊन हजर. "अजून थोडा?"

"नको."

आता पहिलं 'नको' कोण धरतं, सांगा? वाढला.

"नको गं मुली, पोट भरलं."

"लाजू नका हो!" वाढला.

मग त्यांनी बशीवर आडवा हात धरला. "नको!" मी बोटांच्या फटीतून वाढला. माझ्या काकूची शिकवण!

तेवढ्यात आमची संचालक मार्लीस उठली आणि गंभीरपणे वाचू लागली, "तुम्ही नको म्हणालात. आम्ही ऐकलं नाही. तुमचं भलं आम्हालाच कळतं, असं समजून देतच राहिलो. यापुढे असं कधीही होणार नाही."

सगळ्यांच्या नजरा बाईंच्या बशीकडे. शिऱ्याचा डोंगर, बोटं तुपाने माखलेली.

धरणीमाय, पोटात घे म्हणावं, तर समुद्राच्या पातळीखालच्या या देशात खाली निव्वळ पाणी!

मार्लीस पुटपुटली, "त्या नको म्हणाल्या होत्या?"

"तीनदा," मी म्हटलं.

बाईंचे खांदे हलायला लागले. रडतायत? छे, हसत होत्या! "घरं बांधायला आले होते ना, तेही असेच प्रेमळ होते," त्या म्हणाल्या. "मार्लीस, माफी पोचली. पुढचं बोलायला गावात या. पण विचारलंत, तर उत्तरही ऐका."

मग पातेलं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तू घेतेस?"

मी सवयीने म्हटलं, "नको, नको."

"बरं." पातेलं मार्लीसकडे गेलं. तिने पहिल्याच फटक्यात 'हो' म्हटलं आणि तळ खरवडला.

मी उपाशीपोटी, उलट्या वाऱ्यात सायकल मारत घरी. मेलं कोणी आग्रहच केला नाही!