पत्रिकावाल्या चंद्राचा कंप्युटर

शेलार गावात लग्न ठरलं की मंडळी आधी हॉल बघतात की सोनाराकडे जातात, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ती आधी चंद्रा भोईरकडे जातात. नुसती पत्रिका छापायला म्हणून नव्हे. पत्रिका काय, भिवंडीच्या बाजारात पन्नास ठिकाणी छापून मिळते. चंद्राकडे जायचं ते नावांसाठी.

आगऱ्यांच्या लग्नाची पत्रिका ज्याने पाहिली नाही त्याला हे कळायचं नाही. नवरा-नवरीची नावं वरच्या बाजूला अंग चोरून बसलेली असतात आणि उरलेला सगळा कागद नातेवाइकांच्या मालकीचा असतो. चुलते, चुलत चुलते, मामे, आत्यांचे यजमान, शिवाय जे वर गेले तेही वेगळ्या रकान्यात हजर. कोण कोणाच्या आधी, कोणाच्या नावामागे ‘श्री’ आणि कोणाच्या मागे ‘कै.’, यात चूक झाली की संपलं. एका घरी थोरल्या मामाचं नाव धाकट्याच्या खाली छापलं गेलं. मामा हळदीला आले, पाणीसुद्धा न पिता उठले आणि पुढची सात वर्षं त्या दारात फिरकले नाहीत. ती पत्रिका बाजारातून आणलेली होती हे चंद्रा आवर्जून सांगते.

ही हुशारी आपली नव्हे, हेही ती तितक्याच आवर्जून सांगते. ती तिच्या सासूची, सीताबाईंची. सीताबाईंना अक्षराची ओळख नव्हती, पण शेलारपासून कशेळीपर्यंतची सहाशे घरं त्यांना पाठ होती. कोणत्या घरात कोण कधी वारलं, कोणाचं दुसरं लग्न, कोणत्या भावांनी बोलणं टाकलंय आणि म्हणून त्यांची नावं एका ओळीत घालायची नाहीत, सगळं.

दोन हजार साली चंद्राने कंप्युटरचा कोर्स केला. तिचा नवरा हिरामण तेव्हा टेम्पो चालवायचा. त्याने कुठून कुठून जमवाजमव करून कंप्युटर आणला आणि घराच्या पुढच्या खोलीत मांडला. दुपारची जेवणं झाली की सीताबाई पानाची चंची घेऊन टेबलाशेजारी बसायच्या आणि एकेक घर सांगायच्या. चंद्रा टाइप करायची. प्रत्येक घराची एक फाइल. तीन वर्षं हे चाललं. सासू-सुना एका खोलीत तीन वर्षं बसून भांडल्या नाहीत, याचं गावाला कंप्युटरपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

सीताबाईंनी एक पद्धतही घालून दिली. पत्रिकेची पहिली प्रत निघायच्या आधी त्या घरच्या सवाष्णीने कंप्युटरला हळदकुंकू लावायचं आणि अक्षता टाकायच्या. लग्नाची नावं ज्याच्या पोटातून निघतात त्याचा मान नको ठेवायला? तो आडवा, पसरट डबा होता. त्याच्या माथ्यावर हवेसाठी बारीक खाचा होत्या आणि सीताबाईंच्या मते तेच त्याचं कपाळ. दसऱ्याला वर झेंडूची माळ आणि पुढ्यात नारळ. असा मान भिवंडी तालुक्यात दुसऱ्या कुठल्या कंप्युटरला मिळाला नसेल.

दोन हजार पाचच्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा हिरामणने गाद्या, तांदूळ, कपाट सगळं सोडून आधी तो डबा उचलून माळ्यावर नेला. खाली ट्रंकेत जपून ठेवलेल्या पाच वर्षांच्या जुन्या पत्रिकांचा मात्र लगदा झाला. चंद्राला वाईट वाटलं, पण फार नाही. नावं कंप्युटरमध्ये होती, आणि सीताबाई होत्या.

मग सीताबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग माणसं. दोन हजार सातच्या दिवाळीत त्यांनी सख्ख्या भाच्याला, केसरीनाथला, आपण कोणाचे म्हणून विचारलं. केसरीनाथ हसला आणि बाहेर ओट्यावर जाऊन डोळे पुसत बसला. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. चंद्राने ते ऐकून घेतलं आणि ती मनाशी म्हणाली, नावं तरी आहेत माझ्याकडे.

नेमका तेव्हाच कंप्युटरही दगा द्यायला लागला. चालू केला की दहा-बारा मिनिटं बरा चाले, मग कुरकुर करी आणि गप्प बसे. अर्धा तास थांबा, पुन्हा चालू करा, पुन्हा दहा मिनिटं. तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि त्यानंतर लग्नांची रीघ लागणार होती.

हिरामणला तर आनंदच झाला. त्या वर्षी भोईरांची खाडीकडची जमीन गोडाऊनला गेली होती आणि घरात जुनं ते सगळं बाहेर काढायची साथ आली होती. टेम्पो गेला, गाडी आली. कौलं गेली, स्लॅब आला. सागाचा पलंगसुद्धा गेला आणि त्याच्या जागी कुरकुरणारा सोफा आला. राहता राहिला तो कंप्युटर.

“जमीन इकली, घर बांदला,” हिरामण म्हणाला, “मंग ह्यो डबा कशाला ठेवाचा? चपट्या टीवीवाला आन.”

चंद्रालाही पटलं. तिने काही फाइली सीडीवर भरून घेतल्या आणि ती कल्याण नाक्यावर हितेश म्हात्रेच्या दुकानात गेली. हितेश नात्यातलाच, तिला काकी म्हणणारा. त्याने दोन मार्ग सांगितले. एक तर जुन्या डब्यात नवं आतडं घालायचं किंवा डबाच नवा घ्यायचा. त्याच्या मते जुन्यावर खर्च करण्यात राम नव्हता. सात वर्षं म्हणजे कंप्युटरची शंभरी. नवा बघायला तर छानच होता. काळा, चकचकीत, पडदा हातभर रुंद. चंद्राने सीडी दिली आणि त्याने तिच्यासमोर फाइल उघडली.

पडद्यावर काही अक्षरं उमटली. इंग्रजीतली, उलटीसुलटी, मध्ये आकडे, मध्ये टिंबं आणि चौकोन. ते केसरीनाथच्या घरचं पान होतं. त्यात एकही माणूस ओळखू येत नव्हता.

हितेशने बरीच खटपट केली. मग त्याला कारण सापडलं. चंद्राचे मराठी टाइप जुन्या पद्धतीचे होते आणि ते चालायला कंप्युटरच्या पाठीत अंगठ्याएवढं एक लॉक खोचावं लागे. ते लॉक नव्या कंप्युटरला ओळखताच येणार नव्हतं. जुन्या डब्यात नवं आतडं घातलं तरी तीच गत. ज्याने ते विकलं होतं त्याने कधीच धंदा गुंडाळला होता. फाइली शाबूत होत्या, पण त्या वाचू शकणारा सगळ्या जगात एकच कंप्युटर होता, आणि तो एका वेळी दहाच मिनिटं जगत होता.

रिक्षात बसून घरी येताना चंद्राला एकच दिसत होतं. केसरीनाथचे उलटेसुलटे चौकोन, आणि त्याला आपण कोणाचे म्हणून विचारणारी सासू. दोघांनी एकाच वेळी पाठ फिरवली होती, आणि दोघांपैकी एक यंत्र होतं, पण दुःख करताना माणसाला तो फरक राहत नाही.

घरी येऊन तिने पदर खोचला. छापता येईल तेवढं छापायचं, बाकी पडद्यावरून वहीत उतरवायचं. तीन दिवसांत अकरा घरं झाली. सहाशेतली अकरा. शिवाय दहा मिनिटांची आता सात मिनिटं झाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने सीताबाईंना टेबलाशेजारी बसवलं, चंची हातात दिली आणि ती म्हणाली, आई, कशेळीच्या तऱ्यांच्या घरात थोरला कोण? सीताबाईंनी चंचीची दोरी बोटाला गुंडाळली आणि विचारलं, कशेळी कुठं आली? चंद्रा आत गेली आणि मोरीत नळ सोडून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघू आला. शेजारच्या कारखान्यात कापड विणायचे लूम चालतात, तिथला तो जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा कारागीर. तालुक्यातल्या आतल्या गावचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या मुलीचं, रीमाचं, लग्न ठरलं होतं आणि तो बायकोला, तुळजाला, घेऊन पत्रिका सांगायला आला होता. चंद्राने जमेल तसं करून देते म्हणून सुरुवात केली. रघूच्या चुलत्यांपर्यंत पोचली आणि कंप्युटर कुरकुरला, बंद पडला.

चंद्राने दोन्ही हात कपाळाला लावले. मग तिने त्या नवरा-बायकोला सगळं सांगून टाकलं. नवं घ्यावं तर नावं जातात, जुनं दुरुस्त करावं तर नावं जातात, आणि काहीच करू नये तरी जातातच. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं.

रघूने उठून डब्यावर तळवा ठेवला आणि तो झटकन उचलला.

“वैनी, ह्यो तापलाय,” तो म्हणाला. “आमचा लूम आसा आडखळाय लागला की मालक म्हनतो नवा आना. आमी म्हनतो, आदी आतला कचरा काडा.”

“हा लूम न्हाय, रघूभाऊ.”

“पंखा हाय ना आत? मंग लूमच की.”

त्याच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होताच. जॉबर लग्नाची बोलणी करायला निघाला तरी तो घरी ठेवत नाही. चंद्राने देवाचं नाव घेऊन हो म्हटलं, कारण नाही म्हणून तरी काय वाचणार होतं? रघूने वायरी काढल्या, मागचे स्क्रू फिरवले आणि झाकण उचललं.

आत पंखा दिसतच नव्हता. शेजारच्या कारखान्यातून उडून आलेला सात वर्षांचा सुताचा कचरा तिथे गोधडीसारखा जमला होता, आणि ती गोधडी पांढरी नव्हती, पिवळी-लाल होती. तिच्यात हळद होती, कुंकू होतं, मूठ-दोन मूठ तांदूळ होते, वाळून काळ्या झालेल्या झेंडूच्या पाकळ्या होत्या. शेकडो लग्नांचा मान त्या खाचांतून थेट पोटात गेला होता. तुळजा पदराआड हसायला लागली आणि मग तिला ते थांबवता येईना.

रघू कारखान्यातून हवा मारायचं यंत्र घेऊन आला. डबा ओट्यावर नेला. पहिल्याच फुंकरीला लाल-पिवळा ढग उठला आणि रघूचे केस, सदरा, मिशा सगळं हळदीने माखलं. लग्न रीमाचं आणि हळद बापाला, असं तुळजाने म्हणून घेतलं. रघूने पंख्याची पाती ब्रशने एकेक करून साफ केली, बोटाने फिरवून पाहिली, तेलाचा एक थेंब सोडला आणि झाकण लावलं.

चंद्राने बटण दाबलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. तिने रघूचे चुलते पुरे केले, मामे पुरे केले, तुळजाच्या माहेरचे सगळे घातले. पाऊण तासाने रघूने पुन्हा वर तळवा ठेवला आणि या वेळी तो तसाच राहू दिला. चंद्राचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी हितेश येऊन बघून गेला. त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं की आपण झाकण उघडून बघायलाच हवं होतं. एका मोडीत निघालेल्या जुन्या कंप्युटरमधून काढून त्याने याला मेमरी जोडली, त्यामुळे तो पहिल्यापेक्षा चपळ झाला. आणि सगळी सहाशे घरं एकेक पान छापून चार जाड बाडं होईपर्यंत नव्याचं नाव काढायचं नाही, असं त्यानेच हिरामणला सुनावलं. नवं आणायची हिरामणची हौस शेवटी मिक्सरवर भागली. हळदकुंकवासाठी टेबलाच्या पायाची जागा ठरली आणि खाचांवर चंद्राने एक पातळ जाळी बसवली.

छापायचं काम पंधरा दिवस चाललं. सीताबाई शेजारी बसून असायच्या, कधी खिडकीबाहेर बघत, कधी चंचीची दोरी गुंडाळत. चंद्राला एकटीने गप्प बसून काम करायची सवय नव्हती, म्हणून ती छापलेलं पान मोठ्याने वाची. एका दुपारी कशेळीच्या तऱ्यांचं पान निघालं. ते सीताबाईंचं माहेर. चंद्रा वाचत गेली. कै. चांगदेव तरे, त्यांचे थोरले, त्यांचे धाकटे, बोलणं टाकलेला मधला वेगळ्या ओळीत, मग आक्का, मग कमळा, मग पुतण्यांची रांग. सीताबाईंची दोरी थांबली होती. त्या कान देऊन ऐकत होत्या.

पान संपल्यावर त्यांनी विचारलं, “ही नावा कुनी सांगली तुला?”

“तुमीच सांगलेली, आई.”

सीताबाईंनी चंची उघडली, पान काढलं आणि निवांतपणे त्याला चुना लावायला घेतला.

“मंग बराबर आसतीन,” त्या म्हणाल्या. “फुडचा वाच.”