नांदसूरकरांचं दुसरं घर

माझ्या आडनावाची पट्टी त्याने भिंतीवरून ओरबाडली, चुरगाळली आणि माझ्या तोंडावर फेकली. मोहालीतल्या सोसायटीचा हॉल, रविवारची दुपार, पंचवीस-तीस मराठी माणसं, हातात पोह्यांच्या डिश. सगळे खात राहिले.

मी चंदीगडच्या सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या खोलीत राहते, नोकरी मोहालीत. इथल्या मराठी मंडळाची आडनावांवर पुस्तिका निघणार होती. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा. प्रत्येकाने आपल्या गावावर आडनावाची पट्टी टोचायची आणि फॉर्म भरायचा. आडनाव कुठून आलं, घरं किती, कुलदैवत कोणतं, मामांचं आडनाव काय. नांदसूर गावावर आधीच एक पट्टी होती. नांदसूरकर. मला खुळीला आनंद झाला. एवढ्या लांब गाववाला भेटला म्हणून.

गाववाला म्हणजे पुस्तिकेचा संपादकच. साठी उलटलेला, निवृत्त इंजिनियर. आधी गोड बोलला. बोलता बोलता मोठ्या अभिमानाने वडिलांचं नाव सांगितलं. ते नाव आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ आहे.

मग त्याने माझा फॉर्म वाचला. मामांचं आडनाव, कांबळे. जात थेट विचारणं आता बरं दिसत नाही, म्हणून मामा विचारतात.

"नांदसूरकरांचं घर एकच आहे. आमचं," तो म्हणाला. "तुम्ही चोरलंय."

चोरलं नव्हतं. माझ्या बापाला शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव विचारलं. आमच्या लोकांच्या नावापुढे तोवर जातच लिहायचे. आजोबा म्हणाले, गाव आमचंही आहे, गावाचं नाव लावा. त्याच आठवड्यात त्यांना चावडीसमोर पालथं पाडलं. उजवा हात दगडावर धरला आणि कुऱ्हाडीच्या दांड्याने पाचही बोटं ठेचली. मारणारा या संपादकाचा बाप. आजोबा मरेपर्यंत डाव्या हाताने जेवले. शाळेतलं आडनाव मात्र त्यांनी बदललं नाही.

मी चुरगाळलेली पट्टी उचलली, सरळ केली, नकाशाकडे गेले. त्याने मनगट धरून पिरगाळलं. टाचणी माझ्याच तळव्यात घुसली. तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं, फक्त तो दगड होता. मी दुसऱ्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडाला. त्याने मला भिंतीवर आपटलं. ओठ फाटला, दात हलला.

आता सगळे धावले. त्याच्याकडे. कुणी खुर्ची आणली, कुणी पाणी. मला म्हणाले, वयाचा मान ठेव, माफी माग. मी माफी मागितली नाही. रक्ताळलेल्या हाताने पट्टी परत टोचली आणि तशीच पोलीस ठाण्यात गेले.

"पूरा नाम?" तिथल्या बाईंनी विचारलं. मी सांगितलं. आरोपीचं आडनाव विचारलं. तेही तेच सांगितलं. त्यांनी वर पाहिलं.

"रिश्तेदार है?"

"नहीं जी. एक ही गाँव के हैं."

चार दिवसांनी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा फोन आला. तक्रार मागे घे, पुस्तिकेत नांदसूरकरांची दोन घरं छापतो. त्यानंतर आईचा. "मागं घे बाई. तिथं तू एकटी हाईस." आईची भीती खोटी नाही. मलाही भीती वाटते. रात्री दोनदा कडी तपासते.

पण मागे घेणार नाही. पुस्तिकेत छापा, नाहीतर छापू नका. कोर्टात पुकारा होईल तेव्हा त्याचं आणि माझं आडनाव एकापाठोपाठ, मोठ्याने घेतलं जाईल. प्रत्येक तारखेला. आणि ते त्याला माझ्यासमोर उभं राहून ऐकावं लागेल.