स्कॅनएफमधील एक स्पेस

बिलोलीहून आलेली माझी भाची सोनाली काल संगणकाच्या सी भाषेचा अभ्यास करत होती. तिचा प्रोग्राम गुणांचा आकडा घेई. मात्र ‘आणखी विद्यार्थी आहे का?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहताच संपून जाई. तिने स्कॅनएफ या टाइप केलेले वाचून घेणाऱ्या आज्ञेत टक्क्याच्या चिन्हाआधी एक स्पेस, म्हणजे रिकामी जागा, टाकली.

“आत्या, आकड्यानंतर दाबलेला एंटर तिथंच अडकून राह्यतो. मशीन त्यालाच उत्तर समजतं. स्पेस टाकली की झालं!”

मी मात्र मनाने नांदेडच्या जुन्या संगणक प्रयोगशाळेत जाऊन पोहोचले. एम. ए. होऊन पुष्कळ वर्षे लोटल्यावर, चाळिशीत मी तिथे संगणकाचा वर्ग लावला होता. उत्तीर्ण झाले, तर शाळेत संगणक शिकवण्याची नोकरी मिळणार होती. प्रात्यक्षिक परीक्षेत माझाही प्रोग्राम असाच संपत होता. पंखा गरम हवा फेकत होता आणि घामेजलेली बोटे कळांवरून निसटत होती. शेजारच्या मुलाचेही तेच अडले, तेव्हा सरांनी वाकून अंगठ्याने कळफलकावरची खालची लांब कळ एकदाच दाबली. त्याचे चालू लागले.

“सर, माझंही तसंच होतंय,” मी कशीबशी म्हणाले.

“ताई, तुम्ही हौसेनं आलाव. पोरायला नोकऱ्या करायच्या हायत,” असे म्हणून ते हसत पुढच्या रांगेत गेले.

मी नापास झाले. या वयात ते जमणारे नव्हतेच, अशी मी इतकी वर्षे स्वतःची समजूत घालत आले. त्या दिवशी निघताना मी सरांचे आभारही मानले होते.