सरपंचबाईंचं राहिलेलं भाषण

सरपंचबाई कुठेही बसायच्या आधी पदराने खुर्ची पुसायच्या. मग ताठ बसून दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि समोर बघत राहायच्या, फोटोवाला येईपर्यंत हलायचं नाही असं कुणी बजावून ठेवल्यासारख्या. बीडच्या आमच्या कॉलेजात नाट्यशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी त्या अशाच येऊन बसल्या, तेव्हा आम्हाला वाटलं, कुठल्या तरी कार्यक्रमाच्या पाहुण्या चुकून आमच्याकडे आल्या. आमच्यातला पिंट्या स्वभावाने कार्यकर्ता. त्याने धावत जाऊन पाण्याची बाटली आणून दिली. बाईंनी दोन घोट घेतले, बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "तुमीबी शिकायलाच आलात न्हवं? मंग बसा की. मी काय उद्घाटनाला आले न्हाई."

त्या तलवाड्याच्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला. महिला राखीव जागेवर निवडून येऊन त्यांनी एक पूर्ण मुदत सरपंचपद भोगलं होतं. भोगलं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सही बाईंची आणि कारभार नवऱ्याचा. त्यांच्या नवऱ्याला अख्खा तालुका अण्णा म्हणायचा. मुदत संपली, पद गेलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. सरसुद्धा हजेरी घेताना "सरपंच?" असं विचारायचे आणि बाई "हाय" म्हणून हात वर करायच्या.

मी शिरूर कासारची. आई-वडील ऊसतोडीला गेले की सहा महिने आमच्या घराला कुलूप, म्हणून मी बीडला होस्टेलवर. नाट्यशास्त्राला मी काही कलेच्या ओढीने वगैरे गेले नव्हते. तिथे जागा शिल्लक होत्या. पण बाईंना कुणी विचारलं, की या वयात हे कशाला, तर त्यांचं उत्तर तयार असायचं. "पाच वर्सं स्टेजवर बसले. हार घेतले, नारळ घेतले, शाली तर पेटीत मावंनात. पर स्टेज म्हंजी काय असतंय ते काय कळलं न्हाई. आता शिकून घेते."

घरून परवानगी कशी मिळाली, तीही गंमतच. नाटकात काम करणार म्हटलं असतं तर वाड्या-वस्त्यांपर्यंत बोभाटा झाला असता. बाईंनी अण्णांना सांगितलं, माईकचा आणि लाईटचा कोर्स आहे. अण्णांची पुढच्या निवडणुकीची तयारी चालू होती. ते खूश झाले. म्हणाले, "बरं हाय. मंडपवाला लई नखरे करतो. घरचंच माणूस असलं तर सभेला कामाला येईल." आणि बाईंनी खरोखर तेच विषय घेतले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. पण खरं किती बोलायचं, हे राजकारणात राहून चांगलंच जमत होतं.

वर्गाच्या नाटकांत माझ्याकडे लाईट आले आणि बाईंकडे आलं विंगेतलं काम. म्हणजे नाटकाची संहिता घेऊन पडद्याआड बसायचं, कुणी कधी स्टेजवर जायचं, दिवे कधी बदलायचे, पडदा कधी ओढायचा, हे सगळ्यांना खुणेने सांगायचं. हे काम त्यांच्या अंगात असं भिनलं, की आम्ही त्यांना टरकून असायचो. विशेषतः तिसऱ्या घंटेच्या बाबतीत. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग बाहेर कुणी का असेना. एकदा सरावाचा प्रयोग बघायला प्राचार्य उशिरा आले. बाईंनी दार चार बोटं उघडलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "सायेब, घंटा झाली. आता मध्यंतरात." आणि दार लावून घेतलं. प्राचार्य बिचारे व्हरांड्यात येरझाऱ्या घालत बसले. सरांचा चेहरा पांढरा पडला, तर बाई त्यांनाच समजावत होत्या, "तिसरी घंटा झाली की समदे परेक्षकच. तुमीच शिकवलं न्हवं?"

मला मात्र त्यांनी वेगळा धडा दिला होता. म्हणायच्या, "पोरी, तुझा हात दिव्यावर हाय. कुणी कितीबी बोंबललं तरी तू निस्तं स्टेजकडं बघायचं. वरडणारा माणूस स्टेजवर नसतो."

अभिनयाचाही एक विषय सगळ्यांना सक्तीचा होता. त्यात बाईंनी जी धमाल उडवली, तिची आठवण झाली की मी अजून एकटीच हसते. छोटासा प्रवेश होता. सून चहा घेऊन येते आणि सासऱ्याशी भांडते. सून झाल्या होत्या बाई, आणि सासरा झाला होता तोच पाणी देणारा पिंट्या. सरांनी त्याला पांढऱ्या मिशा चिकटवल्या, हातात काठी दिली. पिंट्या खाकरत आत आला आणि बाईंनी पदर डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढला, त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. भांडण राहिलं, चहाही राहिला. सर म्हणाले, "अहो सरपंच, तो पिंट्या आहे!" बाई पदराआडूनच म्हणाल्या, "पिंट्या हाय ते मला दिसतंय की. पर मिशा लावल्यात न्हवं त्यानं." आम्ही हसून लोळलो. त्या मात्र हसल्या नाहीत. संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले, तेव्हा म्हणाल्या, "माझा हात मला न इचारता पदराकडं जातो बघ. ह्याचं काय करावं?"

परीक्षेच्या नाटकाची जुळवाजुळव सुरू झाली. नाटक आम्हीच रचलं होतं. एका बाईच्या रानात विहीर लागते, सारं गाव पाणी भरतं, पंचायत बसते, ठराव होतात, आणि तिला कुणी काही विचारतच नाही. शेवटी ती पंचांसमोर उभी राहून बोलते. ते लांबलचक बोलणं हाच नाटकाचा प्राण. ते काम रोहिणी करणार होती. प्रयोग पंधरवड्यावर आला आणि रोहिणीचं लग्न जमलं. सासरच्यांना नाटक चालणार नव्हतं. रोहिणी रडून गेली आणि आम्ही डोक्याला हात लावून बसलो. ते अख्खं बोलणं पाठ असलेलं माणूस वर्गात एकच होतं, ते म्हणजे विंगेत बसून रोज तिला शब्द पुरवणाऱ्या बाई.

सरांनी विचारलं. बाईंनी आधी आपला डबा खाल्ला, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "करते."

पण सरावात एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. बाई सुरुवात जोरात करायच्या, आवाज खणखणीत, आणि निम्म्यात आल्या की थांबायच्या. रोज त्याच जागी. शब्द विसरायच्या असं नाही, ते त्यांना झोपेतही आले असते. थांबून त्या विंगेकडे बघायच्या, कुणाची तरी वाट पाहिल्यासारख्या. चार-पाच दिवस असं झाल्यावर सर चिडले. तेव्हा बाई पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "सर, इथवर आलं की वाटतं, आता कुणीतरी माईक घेणार."

मग त्यांनी सांगितलं. गावात पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. सरपंच म्हणून त्यांचं पहिलंच भाषण. मुलीने लिहून दिलं होतं, त्यांनी चुलीपुढे बसून पाठ केलं होतं. "अर्ध्यात आलते. तेवढ्यात सायेबांच्या गाड्या आल्या. आमच्या मालकांनी माझ्या हातातला माईक घेतला आन त्यांचं स्वागत सुरू केलं. मंग फेटे, शाली, सायेबांचं भाषण, आभार. माझं राहिलं ते राहिलंच."

"मग नंतर कधी बोलला नाहीत?" मी विचारलं.

"नंतर काय, खुर्ची पुसून बसत गेले."

"काय राहिलं होतं बोलायचं?"

"टाकीचं पाणी वरच्या आळीला चढत न्हाई. येवढंच सांगायचं व्हतं गं." मग उठल्या आणि सरांना म्हणाल्या, "पुन्हा घ्या. एकदा तरी माझं बोलणं शेवटापरेंत झालं पायजे. लोकांम्होरं." त्या दिवसापासून त्यांनी तो तुकडा इतक्या वेळा म्हटला, की वॉचमनलाही पाठ झाला. थांबणं मात्र पूर्ण गेलं नाही. एक श्वास अडकायचाच.

आणि प्रयोगाचा प्रमुख पाहुणा म्हणून कॉलेजने बोलावलं कुणाला, तर अण्णांना! नायिका त्यांची बायको आहे, हे ऑफिसात कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मी घाबरून बाईंना विचारलं, घरी सांगितलं का. त्या प्रयोगासाठी केसांना पांढरा रंग लावत होत्या. "सांगायचं कशाला? येतील तव्हा बघतील की."

पाहुणे काही वेळेवर आले नाहीत. तीन घंटा झाल्या, नाटक सुरू झालं. दाराशी आता बाई नव्हत्या, त्या स्टेजवर होत्या. शेवटचा प्रवेश आला, मी बाकीचे दिवे उतरवले, बाईंवर एकच ठेवला. त्या बोलायला लागल्या. आणि बरोबर निम्म्यात, त्याच जागी, मागचं दार धाडकन उघडलं. पांढरे कपडे, दहा-पंधरा कार्यकर्ते, "अण्णा, इकडून या, इकडून." पहिल्या रांगेतले लोक सवयीने उठून उभे राहिले. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक हार आणि शाल घेऊन स्टेजच्या पायरीपर्यंत पोचलेसुद्धा. तिथून माझ्याकडे हात करून ओरडले, "लाईट! लाईट लाव सगळे! सत्कार घेऊ आधी!"

माझा हात बटणावर होता. मी स्टेजकडे बघत राहिले.

बाई थांबल्या होत्या. अण्णा दोन रांगांच्या मधून पुढे आले आणि वर बघितलं. त्यांनी बायकोला ओळखलं, हे त्यांच्या पावलावरूनच कळलं. पाऊल तिथेच थबकलं. बाईंचा हात पदराकडे गेला. वाटलं, संपलं, आता पाठ करून भिंतीकडे वळतात. त्यांनी पदर धरला, कमरेभोवती ओढून घेतला आणि घट्ट खोचला.

"या," त्या म्हणाल्या. आवाज नाटकातलाच होता, त्या पंचांशी बोलत होत्या तोच. "बसा पंच. हार खाली ठिवा. माझं बोलणं अजून व्हायचं हाय."

अण्णा बसले. खुर्ची आरक्षित होती ती नाही, कडेची, हाताला लागली ती. प्राध्यापक हार घेऊन पायरीवरच बसले. आणि बाई पुढे बोलल्या. निम्म्यापासून शेवटपर्यंत, एकही श्वास न अडकता. मी दिवा उतरवला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि टाळ्या कधी सुरू झाल्या ते मला समजलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला वर्गात हजर. आम्ही गराडा घातला, अण्णा काय म्हणाले? "गेवराईला गाडी थांबवली. तिथं चहा घेतला. मंग म्हनले, तिसऱ्या घंटेच्या आदी यायचं असतंय, हे मला कुणी सांगितलं न्हाई." बाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या. "म्या म्हनलं, सांगितलं असतं, पर तुमी मला बोलू कधी दिलं?"

कोर्स संपला आणि त्या तलवाड्याला गेल्या. नाटकात पुन्हा काम केलं नाही. मला त्याची हळहळ वाटायची. एकदा तसं फोनवर म्हटलं, तर म्हणाल्या, "नाटकाचं काम झालं की गं माझं. परवा गावसभेत उभी राह्यले. टाकीचं राहिलं व्हतं ते बोलले."

"मग? चढलं का पाणी वरच्या आळीला?"

"न्हाई अजून. पर आता दर गावसभेला बोलते. कट्टाळतील आन चढवतील."

मी आता जिल्हाभर लाईटची कामं करते. मंडपवाले आधी "ताई, कुणाच्या सोबत आलात?" असं विचारतात. मग काम बघून स्वतःच वायर धरायला येतात. मागच्या हिवाळ्यात एका शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवी-आठवीतली एक मुलगी स्टेजवर एकटीच बोलत होती. मध्येच बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. आयोजक धावत माझ्याकडे आला, "ताई, लाईट लावा सगळे, सायेब आले!" मुलगी बोलायची थांबली आणि विंगेकडे बघायला लागली.

मी तिच्यावरचा दिवा आणखी थोडा वाढवला. "या म्हणावं, बसा," मी आयोजकाला म्हटलं. "पोरीचं बोलणं अजून व्हायचं आहे."