लाल टिकलीची पुस्तकं

मानपाड्याची खोली सोडली त्या दिवशी टेम्पोवाल्याने कपाटाचा आरसा काढला आणि फडक्याने पुसायला घेतला. मी ओरडलो. तो म्हणाला, "आजोबा, चिकट झालाय. टिकल्याच टिकल्या आहेत यावर." म्हटलं, त्या आहेत म्हणूनच आरसा नेतोय, पुसायचा असेल तर इथेच ठेव. मग त्याने तो चादरीत गुंडाळला. बाकी सामान थोडंच होतं. गावाहून आणलेली पत्र्याची ट्रंक, माझ्या बायकोची, सुशीलाची भांडी, आणि वाचनालयाचं एक पुस्तक, जे परत द्यायचं राहिलं होतं.

ही ट्रंक घेऊन मी चिपळूणच्या वरच्या अंगाच्या गावातून डोंबिवलीला आलेलो. आई एसटीच्या दारापाशी उभी होती. "कामाला लाग, पण उपाशी निजू नको," एवढंच म्हणाली. तेव्हा पुढे कोणी ओळखीचं नव्हतं आणि मागे सगळं होतं. या वेळी उलटं झालं. पुढे कोलशेतला मुलगी वाट बघत होती आणि मागे खोलीत कोणी उरलं नव्हतं.

हे लिहायचं कारण लताबाई. चाळीतले आपण कोणी बदलापूरला, कोणी टिटवाळ्याला गेलो, काही अजून तिथेच आहेत, पण मोबाईलवर ग्रुप एक आहे. त्यावर लताबाईंनी विचारलं, "भाऊ, वहिनी वाचायच्या ती दोन बायकांच्या प्रेमाची जुन्या काळातली पुस्तकं कोणती? नात मागते." एकाने गुलाबाचं चित्र टाकलं. म्हणून मीच सांगतो. चौथी शिकलेलो आहे, कागदावर लिहितो आणि मेघा ते टाइप करून देते. मेघा म्हणजे आमच्या वंदनाची जोडीदार. त्या दोघी इथे संसार करतात, आता त्यांच्यात मी. चाळीत सगळ्यांना माहीत होतं, तोंडावर कोणी बोलत नव्हतं. आता लिहूनच टाकलं, म्हणजे कुजबुजायचा त्रास वाचला.

सुशीला सातवी शिकलेली, पण वाचायची माझ्या साहेबापेक्षा जास्त. मी रंगाच्या कारखान्यात होतो. पहिली पाळी करून घरी आलो की डोळे चुरचुरायचे, अक्षर दिसायचं नाही. ती मोठ्याने वाचायची आणि मी पडून ऐकायचो. दारात चाळीतल्या बायका भाजी निवडायला घेऊन बसायच्या. लताबाई, तुम्ही गवार घेऊन यायचा आणि लढाई आली की शेंगा मोडायचं थांबायचा. तिला ऐतिहासिकच लागायचं. किल्ले, तह, दरबार. आजच्या काळाचं पुस्तक आणलं तर म्हणायची, हे तर नळावरच ऐकायला मिळतं.

वंदनाने मेघाबद्दल सांगितलं तेव्हा सुशीलाने आठवडाभर काही वाचलंच नाही. मला वाटलं, आता घरात काय होतंय. मग एक दिवस पिशवी घेऊन वाचनालयात निघाली. मी पण मागोमाग गेलो. ती तिथल्या माणसाला सरळ म्हणाली, "राजा-राणीचं खूप झालं. राणी-राणीचं आहे का?" तो बिचारा चष्मा पुसायला लागला. "काकू, असं काही येत नाही." ती म्हणाली, "येत नाही म्हणजे? मागच्या रांगेत बघा." त्याने बघितलं, आणि खरंच एक निघालं.

वाटेत मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, "आपल्या घरात जे आलंय ते आधी कुणाच्या घरात होतं का, ते बघते. होतं तर त्यांनी कसं निभावलं तेही बघते."

मग तो नादच लागला तिला. एकदा वाचलेलं परत येऊ नये म्हणून ती शेवटच्या पानावर आपली टिकली चिकटवायची. पुढे त्यात दोन रंग आले. दोघी शेवटपर्यंत जगल्या तर लाल, एकीला मारली तर काळी. काळ्या फार झाल्या. "मेल्यांना विहीर दिसली की ढकलतातच," असं लेखकांना म्हणायची आणि पुस्तक आपटायची. वाचनालयातला माणूस आधी कुरकुरला. मग बायका पुस्तक घेताना शेवटचं पान उघडून टिकली बघायला लागल्या, तसा गप्प बसला.

लताबाई, मला नावं राहत नाहीत, गोष्टी राहतात. किल्लेदाराची बायको आणि दारूगोळ्याच्या कोठारावरची बाई, ते घ्या. सुरुवातीला शंभर पानं नुसता वेढा आहे, धीर धरा. लाल आहे. दोन नायकिणींचं आहे, एक गाते आणि एक सारंगी वाजवते, त्यातली गाणी सुशीला चालीत म्हणायची. तेही लाल. सावकाराच्या सुनेचं जे जाडजूड आहे ते घेऊ नका. विहीर आहे.

राहिलं शेवटचं. ते अर्धं झालं आणि ती दवाखान्यात गेली, परत आली नाही. पुस्तकात तिच्या केसांचा आकडा होता खुणेला. वाचनालयातून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. वंदना म्हणाली, "बाबा, पुस्तक देऊन टाकू या." म्हटलं, संपल्याशिवाय देणार नाही. "मग वाचा." म्हटलं, वाचणार पण नाही. तो आकडा तिथून हलवला की ती वाचायची थांबली असं होईल, हे तिला कसं सांगणार.

एका रविवारी वंदना मटार सोलत होती. मेघाने मला न विचारता पुस्तक उघडलं, आकडा स्वतःच्या केसांत लावला आणि वाचायला लागली. मला राग आला होता. पण ती वाचत होती बातम्यांसारखं, तो राग आधी बाहेर पडला. म्हटलं, "अगं, हळू. लढाई चाललीय ना तिथे." ती म्हणाली, "मग आई कशा वाचायच्या ते दाखवा." दाखवलं. वंदना मटार सोलायची थांबली.

पुढचे काही रविवार तेच चाललं. गोष्ट अशी की राणीची दासी आणि वैद्याची मुलगी, दोघी शहर जळतं तेव्हा पळून जातात. नदीकाठी झोपडं बांधतात, औषधं कुटून विकतात. भांडतात, म्हाताऱ्या होतात. मग शेवटच्या पानावर दासी झोपेतच जाते, आणि वैद्याची मुलगी सकाळी उठून खल धुते.

मेघाने पुस्तक मिटलं. वंदना म्हणाली, "काळी. एक गेलीच ना." मेघा म्हणाली, "विहीर कुठे आहे यात? म्हातारपणाने गेली ती." "गेली ती गेली." दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी उठलो. आरसा इथे माझ्या पलंगासमोर टांगलाय. त्यावरची सुशीलाची एक लाल टिकली नखाने सोडवली, जुनी झाल्यामुळे पानावर चिकटेना, वंदनाने डिंक आणून दिला. दोघी एकमेकींजवळ राहून म्हाताऱ्या झाल्या, मग एक गेली. आणखी काय पाहिजे होतं कुणाला. ही लालच.

गेटवरचा वॉचमन अजून विचारतो, कुणाकडे जायचंय. परवापर्यंत मी मुलीकडे असं सांगायचो. काल घरी जायचंय म्हटलं. त्याने वर फोन लावला, मेघाने उचलला आणि त्याला म्हणाली, "आमचे बाबा आहेत ते, रोज काय विचारता." मानपाड्याचं घर घर नव्हतं असं नाही. पण तिथे आता वाचणारं कोणी नाही.

येत्या रविवारी तिघं जाऊन पुस्तक देणार आहोत. लताबाई, नातीला पाठवा, आधी तिला द्यायला सांगतो. आरशावर टिकली होती तिथे चिकट गोल डाग राहिलाय. तो पुसायचा नाही, हे दोघींना सांगून ठेवलंय.