शहाण्यांचे हात

मुलुंडच्या आमच्या बटणांच्या कारखान्यातला मुकादम सगळ्यांना ‘गाढवा’ म्हणायचा. उदबत्ती विझली तर तसबिरीतल्या देवालासुद्धा. वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेल्या एकाला त्यानेच कामावर आणलं, तर तोही गाढवच. तो माणूस पुठ्ठ्यावर बटणं शिवता शिवता हवेशी भांडायचा. मग मुकादम हवेलाच दम भरायचा, “ए गाढवा, त्याची सुट्टी पाचला होते, तेव्हा ये!”

एकदा शेठनी ते भांडण ऐकलं. म्हणाले, “हा वेडा उद्यापासून नको.”

मुकादमाने विडी कानावर खोचली. “शेठ, त्याचं तोंड चालतं, पण हात थांबलाय का बघा. आता या शहाण्यांचे बघा.”

शेठ आमच्याकडे वळले. आम्ही सगळे बटणं हातात तशीच धरून गंमत बघत होतो.